दंड

झेरॉक्सवाल्या काकांनी तीनशे वीस प्रती काढल्या,
वरची ओळ वाचली
आणि गठ्ठा उलटा करून माझ्या हातात दिला.
कलिनाच्या कॅम्पसमध्ये दोन आठवडे मी तो तसाच उलटा घेऊन हिंडले,
वाचनालयाच्या पायऱ्यांवर, कँटीनमध्ये,
दुसऱ्याची कटिंग गार होईपर्यंत समोर उभी.

"ही लस तुम्हाला माहीत आहे का?
होय. नाही. नक्की सांगता येत नाही."

मृण्मयी खोत म्हणाली, एचआयव्ही ना गं?
मग आवाज खाली नेऊन: मी तसली नाही.
राज्यशास्त्राचा एक जण, पेन फिरवत: हे मुलींचं असतं ना?
ब्लॉसम डिमेलोने सगळं बरोबर लिहिलं,
विषाणूचे प्रकारसुद्धा, आकड्यांसकट,
आणि "तुम्ही घेतली आहे का" यापुढे: नाही.
कारण: घरी काय सांगू.
जुलेखाने समासात लिहिलं
(प्रश्नावलीला एवढा समास ठेवायचा नसतो, चूक माझीच):
"लग्न ठरलं की बघू, म्हणते अम्मी.
लग्न ठरल्यावर कोण बघणार, तेही विचारा पुढच्या वेळी."

मी संख्याशास्त्राची.
होयला एक, नाहीला दोन,
कोरं सोडलं तर नव्व्याण्णव.
रात्री भटवाडीतल्या पोटमाळ्यावर
स्तंभ भरत गेले. नव्व्याण्णव. नव्व्याण्णव.
एका पायरीसाठी अडलेली माणसं.

अहवालात रोगाचं नाव मराठीत टाइप करताना
पहिल्यांदा नीट वाचलं:
गर्भाशयमुख.
म्हणजे त्यालाही तोंड आहे,
आणि आम्ही सगळे आपापलं मिटून.

सबनीस मॅडमनी विचारलं, तुझा स्वतःचा फॉर्म?
माहिती गोळा करणाऱ्याने भरायचा नसतो, म्हटलं.
नियम खरा आहे.
मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

आई कणीक मळत होती, बाह्या वर सारून.
डाव्या दंडावर दोन गोल वण,
देवी काढल्याचे.
दुखलं होतं?
"कुणाला आठवतंय. आजोबा खांद्यावर घेऊन गेले म्हणे, चिपळूणला."
तेव्हा विचारलं का कुणी,
मुलगी कुठे जाते, कुणाशी बोलते?
"दोन वर्षांची होते गं मी. कुणाशी बोलणार?"
असं म्हणाली, आणि कणकेतले हात थांबले.

त्या रोगाला देवी म्हणायचे,
तिची ओटी भरायचे,
तरी सुईपुढे पोरांचे दंड धरलेच.
ह्याचं तर नावही
झेरॉक्सच्या दुकानात उलटं ठेवावं लागतं.

"कुठे देतात?"
दंडावर.
"आणि दंड किती?"
तीच आधी हसली.
मी आकडा सांगितला, तीन डोसांचा.
मग नुसता कुकर बोलला थोडा वेळ.
"पहिला घे," कणकेवर ताट झाकत म्हणाली,
"दुसऱ्याच्या आत भिशी लागेल."

गुरुवारी हर्षल तांडेल सोबत आला, वर्सोव्याहून.
कंपाउंडर म्हणाला, भाऊ, तुम्ही बाहेर बसा.
मलाही घ्यायचीय.
कंपाउंडरने त्याच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं,
वहीत छापलं होतं: कुमारी / श्रीमती.
पेनाने दोन्ही खोडून
त्याने वर बारीक अक्षरात लिहिलं, श्री.
दोनदा गिरवलं.

आता डावा दंड जड झालाय.
उजव्या हाताने तीनशे एकविसावा फॉर्म भरतेय,
नियम मोडून.
"तुम्ही घेतली आहे का?"
एक लिहू की दोन?
तीनातला एक झाला आहे.
त्याला आम्ही
आकडाच ठरवला नव्हता.